मोठं झालं की दिसतं

९ मार्च

ताई,

ठिपके उथळ आले असतील तर रागावू नकोस, बोट जरा दाबून वाच. आज धुलाईखान्यात इस्पितळाच्या चादरींचा ढीग पडला होता आणि मोठ्या इस्त्रीवरची बाई नेमकी रजेवर. दिवसभर उभी होते. घरी आले तेव्हा पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. तरी पाटी आणि टोचणी घेऊन बसले, कारण फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं, मी एका खोलीत बोलले की दुसऱ्या खोलीतून सासूबाई प्रत्येक वाक्याला हुंकार भरतात. लहानपणी तुझ्या मागे लागून हे ब्रेल शिकले ते आता कामाला येतंय. या घरात माझ्याशिवाय कुणालाच ते वाचता येत नाही. भिंगरीलाही अजून नाही, पोर सात वर्षांची झाली तरी.

भिंगरीचं सांगते. परवा तिला पांढरा रुमाल दिला. हातात घेऊन चोळला आणि म्हणाली, हा पांढरा नाहीये. मी म्हटलं, अगं पांढराच आहे. तर नाही म्हणजे नाहीच. मग लक्षात आलं. मी कामावरच्या चादरींना पांढऱ्या चादरी म्हणते आणि त्या असतात खळ घातलेल्या. म्हणजे तिच्या लेखी पांढरं म्हणजे कडक. तो मऊ रुमाल माझ्याकडे परत देऊन म्हणते, याला पांढरा करून आण. तशीच रात्र. रात्र म्हणजे फ्रीजचा आवाज ऐकू येतो ती वेळ. वीज गेली आणि फ्रीज बंद पडला तर म्हणाली, आज रात्र झालीच नाही.

आधी हसू येतं, मग काळजी लागते. हे सगळं दुरुस्त करत बसायचं का गं? तू आयुष्यभर हेच करतेस. मला संध्याकाळी स्वतःचं नाव दुरुस्त करायची ताकद उरत नाही.

शाळेचं म्हणशील तर तुझ्याच शाळेत घालायचं आहे, तिथल्या वसतिगृहात ठेवायचं आहे, त्यात दुमत नाही. यंदा की पुढच्या वर्षी, ते बघू. आणि सुट्टीत तुझ्याकडे येणं काही जमेलसं दिसत नाही. रजा मिळणार नाही.

छोटी


१८ मार्च

छोटे,

ठिपके उथळ नव्हते, आळशी होते. तुझ्या 'थ'मधला शेवटचा ठिपका दर दोन ओळींनी गळतो, लहानपणापासून. वाचला मी तरी.

पांढऱ्याची काळजी करू नकोस. मला पिवळं म्हणजे काय ते कळत नाही, या जन्मात कळणारही नाही. पण लिंबू पिवळं, केळं पिवळं, कावीळ झालेला माणूस पिवळा, एवढ्यावर माझं आजवर भागलंय. वर्गात मुलं विचारतात, बाई, निळा कसा असतो? मी सांगते, मला माहीत नाही, पण लोक आकाशाला निळं म्हणतात, शाईला म्हणतात, आणि थंडीने ओठ गोठले की त्यांनाही म्हणतात. तेवढं धरून ठेवा. तू नाही का म्हणत, आज हवेचा दाब कमी आहे म्हणून? कधी हात लावून आलीस त्या दाबाला? डोळे असलेली माणसंही निम्मे शब्द असेच उसने वापरतात आणि आम्हाला मात्र विचारतात, तुम्हाला खरंच कळतं का म्हणून.

हाताला न लागणाऱ्या शब्दांची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती मूल मनातल्या मनात लावून ठेवतं त्या अर्थांची. माझ्या वर्गात एक आहे, त्याला आम्ही वकील म्हणतो. पाऊस आला की तो चिडतो. कधीपासून चिडतोय, मला वाटलं भिजायला आवडत नसेल. परवा विचारलं तर म्हणाला, वरच्या लोकांनी परत नळ चालू ठेवलाय. त्याच्या घरात वरच्या मजल्यावरून पाणी गळायचं. प्रत्येक खोलीला छत असतं, छतावर कुणीतरी राहतं, तर बाहेरच्या मोठ्या खोलीलाही असणारच. त्याच्या हिशेबात कुठे चूक होती सांग? एकच झालं होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून दुरुस्त करत बसू नकोस. विचारत जा.

आता दुसरं. पहिला वर्ग यंदा माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी मला वरच्या मुलांकडे धाडणार, तसं पक्कं झालंय. म्हणजे भिंगरी माझ्या हाताखाली यायची तर यंदाच. मे संपायच्या आत तिला घेऊन यावं लागेल, मुख्याध्यापक तिच्याशी बोलतील, मग जागा मिळेल.

आणि रजेचं मला सांगू नकोस. भिंगरी दुपट्यात होती तेव्हा आणलीस, त्यानंतर एकदाही नाही. दरवेळी काहीतरी असतंच. मी विचार करकरून शेवटी एकाच ठिकाणी येते. तुला आम्हा दोघींना शेजारी शेजारी बसलेलं बघायचं नाही. तुझी लाज मी समजू शकते, पण निदान तोंडावर तरी सांग.

ताई


३० मार्च

ताई,

लाज म्हणे. तुझं पत्र वाचून नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी दोन दिवस पाटीला हात लावला नाही.

मी सहा वर्षांची होते तेव्हा तू चौदाची. रस्त्यावर तुझा हात कोण धरायचं? वाण्याच्या पोराने तुला नावं ठेवली तेव्हा त्याला चावलं कोण? इथे सासूबाई उठता बसता सुनावतात, हे तुमच्याकडून आलं, आमच्यात कुणाला नव्हतं. मी गिळते. तुझ्याबद्दल एक शब्द खपवून घेत नाही. आणि तू मला लाज चिकटवतेस. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी परत बोलले नसते त्याच्याशी.

नाही येता येत म्हणजे नाही येता येत. भिंगरीला खोकला आहे, हे रात्रपाळीला, धुलाईखान्यात माणूस कमी. यांना विचारलं तर म्हणतात, तू म्हणशील तसं. सगळं घर मी म्हणेन तसं चालतं आणि मलाच काही म्हणवत नाही, असं झालंय.

तुझ्या सांगण्याप्रमाणे विचारत असते. खिडकी म्हणजे काय म्हटलं तर म्हणाली, भिंतीचा गार आणि बोलणारा भाग. बंद केली की ती खिडकी राहत नाही, परत भिंत होते. मी तिचा हात काचेवर ठेवला. बराच वेळ ठेवून म्हणाली, मग ही खिडकी झोपली आहे.

आणखी एक. तिचा पुढचा दात पडला. इतकी खूश, इतकी खूश, की दात मुठीत घेऊन घरभर फिरत होती. आता रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते आणि डोक्यावर हात ठेवून किती वाढले ते बघते. मुलांना असतंच म्हणा मोठं व्हायचं वेड.

छोटी


८ एप्रिल

छोटे,

तू घरी नसताना मी फोन केला. तुझ्यावर चिडले होते आणि भिंगरीचा आवाज तरी ऐकावा म्हटलं. फोन तिनेच घेतला. आजी झोपलीय म्हणाली. खोकला वगैरे काही नव्हता तिला.

गोड बोलते गं. दाताचं सांगितलं, दुसराही हलतोय म्हणाली. मग आवाज एकदम बारीक केला आणि मला विचारलं,

"मावशी, तुला दिसायला लागलं तेव्हा तुझे किती दात पडले होते?"

मी समजले नाही. म्हटलं, काय गं? तर मला समजावून सांगायला लागली. आजीला दिसतं, आईला दिसतं, बाबांना दिसतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिसतं. मोठं झालं की दिसतं. सुरी धरता आली, जिना उतरता आला, तसं तेही येणार. फक्त कितव्या दाताला ते आईला आठवत नाहीये, म्हणून तिने मला विचारलं. मी तर आईपेक्षाही मोठी ना.

मी काय केलं असेल सांग. पंधरा वर्षं मुलांना शिकवणारी बाई मी, तुला उंटावरून शेळ्या हाकत पत्र लिहिणारी. मी म्हटलं, भिंगरे, दारावर कुणीतरी आलंय, आणि फोन ठेवून दिला. दारावर कुणी नव्हतं.

तर हे आहे तुझं न येण्याचं कारण. लाज नाही. मी तिच्यासमोर आले की तिच्या दोन मिनिटांत लक्षात येईल की मावशी मोठी आहे आणि मावशीला दिसत नाही. माझ्याबद्दल तिला काहीच सांगितलं नाहीस. मी काठी घेऊन चालते हेसुद्धा नाही. तुला लाज चिकटवली त्याबद्दल माफ कर. पण हे त्याहून वाईट आहे.

ही चूक माझ्या ओळखीची आहे, म्हणून जास्त लागली. तू व्हायच्या आधी घरात मी एकटी आणि बाकी सगळी मोठी माणसं. मीही तेच धरून बसले होते. कुणी सांगितलं नाही की खोटं आहे, कुणी सांगितलं नाही की खरं आहे. विषय निघाला की घर गप्प व्हायचं. मग तू झालीस. रांगायला लागलीस. एकदा मी चेंडू हातात धरून बसले होते, जराही आवाज न करता, आणि तू सरळ माझ्याकडे आलीस आणि तो घेतलास. मी परत घेतला, उंच धरला, तर खालून हात मारत रडायला लागलीस. तुला दात आले नव्हते अजून. त्या दिवशी मला कळलं. मी कुणाला बोलले नाही आणि कुणी मला विचारलं नाही. तुझ्यावर मात्र बरेच दिवस राग होता.

भिंगरीच्या घरात तर रांगणारंही कुणी नाही. ती वाट बघत बसेल आणि एकेक दात पडत जाईल.

ताई


१९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र धुलाईखान्यातल्या कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. शेजारची म्हणाली, कागदावर बोट फिरवून रडतेस काय.

मी सांगितलं नाही तिला असं. सुरुवात सासूबाईंनी केली. भिंगरी चार वर्षांची असताना एकदा खूप रडली, मला कधी दिसणार म्हणून. त्यांचा जीव कळवळला, त्यांनी म्हटलं, मोठी झालीस की दिसेल हो. त्या वाईट नाहीत गं. मी दारात उभी होते, मी ऐकलं, आणि मी पुढे झाले नाही. ती रडायची थांबली होती ना. म्हटलं उद्या सांगू. मग तो उद्या तीन वर्षं आला नाही.

आणि तूच विचार कर, तिने विश्वास का ठेवू नये? आम्ही प्रत्येक गोष्टीला तेच सांगितलं. सुरी मोठी झालीस की. जिना एकटीने मोठी झालीस की. मोठ्या पातेल्याला हात मोठी झालीस की. आणि ते ते सगळं खरंच झालं. आता केळं कापते, जिना उतरते. एकच गोष्ट आम्ही खोटी सांगितली आणि ती बाकीच्यांच्या रांगेत उभी राहिली.

तुझी पत्रं चाचपते कधी कधी. म्हणते, मावशीच्या कागदाला पुरळ आलंय. मी म्हटलं, मावशीची लिहायची तऱ्हाच तशी. किती तोंड लपवायचं, आणि कुणापासून, तर जिला तोंड दिसतच नाही तिच्यापासून.

ताई, तू सांग तिला. मी तिला घेऊन येते, तुझ्या खोलीत सोडते, आणि बाहेर बाकावर बसते. तुझं कामच आहे ते. वकिलाला पाऊस समजावलास, हिलाही समजावशील. मी थकले गं. दिवसभर कामावर थकायचं आणि घरी येऊन खोटं सांभाळायचं, दोन्ही आता होत नाही माझ्याच्याने.

छोटी


२७ एप्रिल

छोटे,

नाही.

मी सांगितलं तर ती माझं ऐकेल. खरं आहे हेही तिला पटेल. पण मग तुझा हात धरून घरी परत जाताना ती विचार करेल की आईने सांगितलेलं आणखी काय काय खोटं आहे. माझ्यावरचा विश्वास तिला वर्षभर पुरेल. तुझ्यावरचा जन्मभर लागणार आहे.

सोपं करून सांगू नकोस. 'पण' लावू नकोस. 'पण तू हुशार आहेस, पण तुला ऐकू छान येतं' असलं काही नको. मुलं 'पण'च्या आधीचं सगळं विसरायला बघतात आणि मग ते मागून येऊन त्यांना गाठतं. रडायला आलं तर रड, लपवू नकोस, तिला तुझ्या श्वासावरून कळतंच.

तू लिहिलं होतंस ना एकदा, घरच्या चादरींच्या घड्या तुम्ही दोघी मिळून घालता म्हणून. तेव्हा सांग. तिच्या हातात दोन टोकं, तुझ्या हातात दोन. तू कशी उभी आहेस ते तिला चादरीतून कळेल आणि ती कशी उभी आहे ते तुला. समोरासमोर बसून सांगायचं म्हणजे तुम्ही लोक चेहऱ्याने निम्मं बोलता, ते तिच्यापर्यंत पोचत नाही.

मुख्याध्यापकांना मी मेच्या विसाव्या तारखेचं सांगून ठेवलंय. आलीस तर बरं. नाही आलीस तरी मी रागावणार नाही, एवढा राग माझ्यातही उरलेला नाही.

ताई


११ मे

ताई,

सांगितलं.

रविवारी, चादर हातात असताना. मी म्हटलं, भिंगरे, आजीने आणि मी तुला एक चुकीचं सांगितलंय. मोठं झालं म्हणून दिसायला लागत नाही. ज्यांना दिसतं त्यांना लहानपणापासूनच दिसतं. मला लहानपणापासून दिसायचं. मावशीला नाही दिसत, आणि मावशी माझ्यापेक्षा मोठी आहे.

चादर ढिली पडली. तिच्या हातातून सुटली नव्हती, नुसती ढिली पडली. मी माझी टोकं धरून उभी राहिले. सासूबाई आतून हुंकारल्या नाहीत, पहिल्यांदाच.

मग विचारलं, "मावशी किती मोठी?" मी म्हटलं, पन्नाशीला आली. "आणि अजून नाही?" नाही म्हटलं. "म्हणजे मलाही नाही." मी म्हटलं, नाही. 'पण' लावलं नाही ताई, जीभ चावून धरली.

तिने चादर ताणली. घडी पुरी केली, टोकाला टोक लावून, माझ्याकडे चालत येऊन, नेहमीसारखी. मग आत जाऊन आजीच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, तू नको. आजी गेली तर तिलाही नको म्हणाली. मी दाराशी जमिनीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, तू तिथेच आहेस का? मी म्हटलं, हो. म्हणाली, बस.

दुसऱ्या दिवशी चौकटीला पाठ लावून उभी राहिली नाही. हलणारा दात पडला तो तिच्या उशाशी सापडल्यावर मला कळलं, तिने सांगितलंच नाही. तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, गेली, हातातून गेली माझी पोर.

काल वेणी घालताना आपणहून बोलली. म्हणाली, मावशीला कुणी सांगितलं? मी तुझी चेंडूची गोष्ट सांगितली. कुणीच सांगितलं नाही म्हटलं, तिचं तिला कळलं. त्यावर तिने विचारलं, एकटीलाच? मी हो म्हटलं. वेणी पुरी होईपर्यंत पुढचा दात पडलेल्या जागेत जीभ घालत बसली होती.

विसाव्या तारखेला येतो. हेही येणार म्हणतात.

छोटी


२ जून

छोटे,

इथे सगळं ठीक आहे, आधी ते सांगते, नाहीतर तू बाकीचं वाचणार नाहीस. रात्री रडते, पण फार नाही. तुमच्या फ्रीजसारखा आवाज इथे नाही म्हणून दोन दिवस तिची रात्र होत नव्हती, आता शेजारच्या पोरीचं घोरणं तिने रात्र म्हणून मान्य केलंय. वकिलाशी जोरात भांडण झालं. तो म्हणाला, ढगांवर कुणी राहत नाही हे बाईंनी मला सांगितलंय. तर ही म्हणे, बाईंना काय माहीत, त्यांनाही दिसत नाही. वर्गभर हशा. मीही हसले. पुढच्या वेळी येताना खळ घातलेली चादर घेऊन ये, इथल्या चादरी पांढऱ्या नाहीत असं तिचं म्हणणं आहे आणि मी त्या वादात पडणार नाही.

आता जे सांगायला बसले ते. तुम्ही तिला सोडून गेलात त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. माझी काठी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघितली. मग माझा चेहरा बघितला, दोन्ही हातांनी, डोळ्यांपाशी थांबून. मी म्हटलं, विचार काय विचारायचं ते. मला वाटलं, आता येणार तो प्रश्न, आपल्यालाच का म्हणून. मी तयारी करून ठेवली होती, इतकी वर्षं केलेलीच असते.

तिने काही विचारलं नाही. माझ्याजवळ खाटेवर बसली, माझा हात आपल्या मांडीवर घेतला. तुझ्यासारखेच हात आहेत तिचे, लहान आणि गरम. मग म्हणाली, "मावशी, तुला कुणी सांगितलं नव्हतं ना? मग मी सांगते. मोठं झालं तरी आपल्याला दिसत नाही."

मी म्हटलं, बरं. तिने विचारलं, वाईट वाटलं का? मी म्हटलं, हो, वाटलं. खरंच वाटलं छोटे, इतक्या वर्षांनी. ती म्हणाली, मलाही वाटलं होतं, आई दाराशी बसली होती. आणि हात न सोडता माझ्याजवळ बसून राहिली, जेवणाची घंटा होईपर्यंत.

ताई